कालच्या दह्याचं विरजण : कंपायलरची नवी आवृत्ती कशी निघते?



"कंपायलरच्या फेजेस सांगून सुबक आकृती काढा" हा प्रश्न कॉम्प्युटर आणि आयटीच्या प्रत्येकाने कधी ना कधी सोडवला असेलच. लेक्सिकल ॲनालिसिस, पार्सिंग, सिमँटिक ॲनालिसिस, इंटरमीजिएट कोड, ऑप्टिमायझेशन, कोड जनरेशन. सहा चौकोन, मध्ये बाण, एका बाजूला सिम्बॉल टेबल, दुसऱ्या बाजूला एरर हँडलर. मार्क खिशात! लेक्स आणि याकचं प्रॅक्टिकल झालं, जर्नलवर सही झाली, की आपल्या लेखी कंपायलर 'झाला'.

पण समजा, खरोखरच एक कंपायलर तयार आहे. जगभरातले हजारो लोक तो वापरतात. तुम्ही त्यात सुधारणा केल्यात आणि आता नवी आवृत्ती लोकांच्या हातात द्यायची आहे. पुढे काय? झिप करून टाकली वेबसाइटवर, झालं? तसं असतं तर हा लेख इथेच संपला असता.

मी गेली दोन वर्षं फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या नादाला लागलेली आहे. त्या नादात 'हॅस्केल' ही भाषा आणि तिचा 'जीएचसी' हा कंपायलर जवळून बघायला मिळाला. त्याचा सोर्स कोड कोणालाही बघता येतो, त्यातले बदल, त्यावरची भांडणं, टेस्ट, चुका सगळं उघड्यावर असतं. त्यामुळे कंपायलरची नवी आवृत्ती कशी निघते हे समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. तेच तुम्हाला सांगायचा हा प्रयत्न.

थोडी ओळख

आधी फंक्शनल भाषा म्हणजे काय ते दोन वाक्यांत. गणितात आपण 'एफ ऑफ एक्स' म्हणतो तेव्हा तेच एक्स दिल्यावर उत्तर तेच येतं, मग सोमवार असो की शुक्रवार. सी मधल्या फंक्शनची अशी खात्री देता येत नाही. ते आतल्या आत एखादा ग्लोबल व्हेरिएबल बदलेल, स्क्रीनवर काहीतरी छापेल. हॅस्केलमध्ये फंक्शन हे गणितातल्यासारखं 'शुद्ध' असतं, आणि बाहेरच्या जगाला हात लावणारं काम असेल तर ते त्याच्या टाइपमध्येच दिसतं. शिवाय भाषा आळशी आहे! म्हणजे एखादी किंमत खरोखर लागेपर्यंत ती काढतच नाही. (या बाबतीत तिचं आणि आपलं सबमिशनच्या दिवसांत छान जमेल.)

१९८७ साली अमेरिकेत पोर्टलंड इथल्या एका परिषदेत संशोधकांनी ठरवलं की आळशी फंक्शनल भाषा फार झाल्या, सगळ्यांनी मिळून एकच करू. हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचं नाव तिला दिलं आणि १ एप्रिल १९९० ला तिचा पहिला अहवाल निघाला. दरम्यान १९८९ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात कंपायलरचं काम सुरू झालं होतं, म्हणून त्याचं नाव ग्लासगो हॅस्केल कंपायलर, जीएचसी. त्याची पहिली बीटा आवृत्ती आली १ एप्रिल १९९१ ला. दोन्ही तारखा एक एप्रिलच्या, पण दोन्ही वेळा मामला खरा होता! सायमन पेटन जोन्स हे या कामातलं सगळ्यात ठळक नाव. ते १९९८ मध्ये केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये गेले, आणि पुढे सायमन मार्लो यांच्याबरोबर त्यांनी तिथून हा कंपायलर वर्षानुवर्षं सांभाळला. नावात 'ग्लासगो' मात्र राहिलं ते राहिलंच.

कंपायलरला कोणी कंपाइल केलं?

ओरलला हा प्रश्न विचारला तर समोरचा गडबडलाच म्हणून समजा. जीएचसी हा हॅस्केलचा कंपायलर, आणि तो लिहिलाय कशात? तर बहुतांशी हॅस्केलमध्येच! मग त्याचा एक्झिक्युटेबल तयार कसा होतो?

उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. दही लावायला काय लागतं? दही. कालचं थोडं दही विरजण म्हणून दुधात घालायचं, सकाळी नवं दही तयार. कंपायलरचंही तसंच. जीएचसीची नवी आवृत्ती बांधायला आधीची एखादी जीएचसी मशीनवर असावीच लागते. साधारण नियम असा की अगदी अलीकडच्या एक-दोन मोठ्या आवृत्त्यांपैकी एक असली म्हणजे झालं. आता तुम्ही विचाराल, पहिलं दही कुठून आलं? जीएचसीचा अगदी पहिला नमुना केविन हॅमंड यांनी 'लेझी एमएल' नावाच्या दुसऱ्या भाषेत लिहिला होता. त्यानंतर कंपायलर नव्याने हॅस्केलमध्येच लिहिला गेला. तेव्हापासून विरजण चालू आहे.

पण एकदा विरजून भागत नाही, दोनदा विरजावं लागतं. गंमत इथेच आहे. जुन्या कंपायलरने नवा सोर्स कंपाइल केला की जे मिळतं त्याला म्हणतात 'स्टेज वन'. याचं डोकं नवं, म्हणजे कोड कसा तयार करायचा याचे नियम नवे. पण शरीर जुनं, कारण त्याचा स्वतःचा मशीन कोड जुन्या कंपायलरने बनवलाय. समजा नव्या आवृत्तीत एक जोरदार ऑप्टिमायझेशन आलंय. स्टेज वन ते तुमच्या प्रोग्रामला लावेल, पण स्वतः मात्र जुन्याच चालीने चालेल. म्हणून स्टेज वन वापरून तोच नवा सोर्स पुन्हा कंपाइल करतात. ही 'स्टेज टू'. डोकंही नवं, शरीरही नवं. लोकांच्या हातात जाते ती ही.

याचा एक फुकटचा फायदा होतो. स्टेज वन चुकीचा कोड तयार करत असेल तर पहिला बळी कोण? स्टेज टू! कंपायलर म्हणजे काही छोटा प्रोग्राम नाही, त्यामुळे त्याने स्वतःलाच नीट कंपाइल करून दाखवणं ही त्याची पहिली खडतर परीक्षा असते. सी वाल्यांचा जीसीसी तर याच्या एक पाऊल पुढे जातो. तिथे तिसऱ्यांदा बांधतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीच्या ऑब्जेक्ट फाइल्स ताडून बघतात. फरक निघाला तर कुठेतरी पाणी मुरतंय.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. मी होस्टेलवर माझ्या साध्या लॅपटॉपवर जीएचसी सोर्सपासून बांधून बघितलाय. मेसमधून जेवून आल्यावर बिल्ड सुरू केला, पंख्याचा आवाज असा की रूममेट म्हणाली, "अगं, मिक्सर चालू केलायस का?" झोपले, उठले, तरी चालूच. पण शेवटी स्टेज टू तयार झाली आणि तिने माझा पाच ओळींचा प्रोग्राम कंपाइल केला तेव्हा पुस्तकातले ते सहा चौकोन पहिल्यांदा जिवंत वाटले.

विरजणाची एक काळी बाजूही सांगायला हवी. विरजण बिघडलेलं असेल तर ती खोड पुढच्या प्रत्येक दह्यात उतरते. युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात नेमकं हेच दाखवलं. ते १९८४ मध्ये छापून आलं. कंपायलरमध्ये एक छुपी चोरवाट अशी घालता येते की ती स्वतःला पुढच्या आवृत्तीत आपोआप उतरवेल, आणि सोर्स कोडमध्ये तिचा मागमूसही राहणार नाही. सोर्स हजारदा वाचा, सापडणार नाही! म्हणजे कंपायलर वापरणं हा शेवटी विश्वासाचा मामला आहे. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नऊ पॉइंट दहा मोठा की नऊ पॉइंट आठ?

पाचवीच्या मुलाला विचारलं तर तो म्हणेल ९.८ मोठा. जीएचसीमध्ये मात्र ९.८ नंतर ९.१० येतो आणि त्यानंतर ९.१२. हा दशांश अपूर्णांक नाही. टिंबाने वेगळे केलेले स्वतंत्र आकडे आहेत. मधला आकडा सम असेल तर ती लोकांसाठीची स्थिर आवृत्ती. विषम असेल तर ती कामगारांची, अजून भिंती ओल्या असलेली. तिसरा आकडा दुरुस्तीचा: ९.८.१ ही पहिली, मग तिच्यातले बग काढून ९.८.२, असं पुढे. अनुभवी मंडळी बऱ्याचदा '.१' आली की लगेच उडी मारत नाहीत, '.२' ची वाट बघतात. नव्या बाइकचं पहिलं मॉडेल दुसऱ्याने घ्यावं, त्यातलाच हा प्रकार.

आवृत्ती काढायची कधी? पूर्वी ढोबळमानाने वर्षाला एक मोठी आवृत्ती निघायची. ६.८ आली नोव्हेंबर २००७ ला, ६.१० नोव्हेंबर २००८ ला. २०१८ पासून दर सहा महिन्यांच्या आसपास काढायचं ठरलं. ८.४ मार्च २०१८ मध्ये आणि ८.६ सप्टेंबर २०१८ मध्ये आली. अर्थात वेळापत्रक दर वेळी पाळलं जातंच असं नाही, ९.८ ऑक्टोबर २०२३, ९.१० मे २०२४, ९.१२ डिसेंबर २०२४, म्हणजे सहाचे सात-आठ होतात.

पण सहा महिनेच का? मुंबईकरांना हे लगेच कळेल. लोकल दर चार मिनिटांनी असेल तर एक चुकली म्हणून कोणी जिवाचा आटापिटा करत नाही. गाडी दिवसातून एकच असेल तर सगळे दारात लटकतात, कोणीतरी साखळी ओढतो आणि गाडी सुटतच नाही. वर्षाला एकच आवृत्ती असते तेव्हा प्रत्येकाला वाटतं, माझं फीचर याच गाडीत गेलं पाहिजे, दोन आठवडे थांबा ना! अशा दोन-दोन आठवड्यांतून महिने जातात. म्हणून तत्त्व असं, की गाडी वेळेवर सोडायची आणि ज्याचं काम अर्धवट आहे त्याने पुढच्या गाडीने यायचं.

वेळ जवळ आली की मुख्य कोडमधून एक वेगळी फांदी काढतात. झाड वाढतच राहतं, पण या फांदीवर नवं काही घ्यायचं नाही, फक्त दुरुस्त्या. मग अल्फा, बीटा, रिलीज कँडिडेट अशा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर धाडसी लोक ती वापरून बघतात आणि तक्रारी कळवतात. एखादा बग मुख्य झाडावर दुरुस्त झाला तर ती दुरुस्ती निवडून या फांदीवरही आणतात. प्रत्येक वेळी प्रश्न एकच: ही दुरुस्ती आता घेण्यात जास्त धोका आहे, की न घेण्यात?

नापास झाला तरच पास

टेस्टिंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतं: इनपुट दिलं, आउटपुट बरोबर आलं, स्क्रीनशॉट काढून रिपोर्टात चिकटवला. कंपायलरचं टेस्टिंग जरा निराळं आहे. जीएचसीच्या टेस्टमध्ये हजारो छोटे प्रोग्राम आहेत, आणि त्यातल्या पुष्कळांची अट अशी की ते कंपाइल *होता कामा नये*! चुकीचा प्रोग्राम कंपायलरने मुकाट्याने स्वीकारला तर ती टेस्ट नापास. नुसतं 'चूक आहे' म्हणूनही भागत नाही. एररचा मजकूर काय असायला हवा हेही लिहून ठेवलेलं असतं आणि ते ताडून बघितलं जातं.

मग वेग. नव्या आवृत्तीने कंपाइल करायला दुप्पट वेळ लागला तर लोक शिव्या घालतील. पण वेळ मोजणं फसवं असतं. त्याच मशीनवर तोच प्रोग्राम दोनदा चालवला तरी सेकंद थोडे वेगळे येतात. म्हणून जीएचसीवाले अनेक टेस्टमध्ये सेकंद मोजतच नाहीत. कंपायलरने एकूण किती बाइट मेमरी मागितली ते मोजतात. तो आकडा फारसा हलत नाही. तो ठरलेल्या टक्क्यांपेक्षा वाढला तर टेस्ट नापास, आणि बदल करणाऱ्याने कारण द्यायचं. ही युक्ती मला इतकी आवडली की माझ्या प्रोजेक्टमध्येही मी ती वापरायला लागलेय.

तिसरी परीक्षा बाहेरच्या कोडची. हॅस्केलच्या लायब्रऱ्यांचं भांडार म्हणजे 'हॅकेज'. त्यात दहा हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. नवी आवृत्ती येण्याआधीच त्यातली महत्त्वाची पॅकेजेस तिच्यावर कंपाइल करून बघतात. ज्यांचा कोड अजून नव्या आवृत्तीला जुळत नाही त्यांच्यासाठी तात्पुरती ठिगळं लावून एक वेगळा संच ठेवलेला असतो. लग्नाच्या आधी पाहुण्यांची यादी घेऊन कोणाला काय चालत नाही ते विचारून ठेवावं, तसं.

एवढं करून बग राहतात का? राहतात! जीएचसीच्या मंडळींचा एक प्रसिद्ध किस्सा आहे. त्यांच्या एका जुन्या आवृत्तीत प्रोग्राममध्ये टाइपची चूक सापडली की कंपायलर तुमची मूळ सोर्स फाइलच पुसून टाकायचा! चूकही नाही आणि चुकणारा प्रोग्रामही नाही. हसू येतं, पण रात्री दोन वाजता ती फाइल आपली असती तर?

दुसरं उदाहरण जास्त गंभीर. फेसबुकने २०१५ मध्ये जाहीर केलं की स्पॅम आणि तत्सम उपद्रव रोखणारी त्यांची 'सिग्मा' ही यंत्रणा त्यांनी हॅस्केलवर आणली आहे, आणि ती सेकंदाला दहा लाखांहून जास्त विनंत्या हाताळते. त्या कामात त्यांच्या प्रोसेस दर काही तासांनी कोसळत होत्या. शोधता शोधता कारण सापडलं जीएचसीच्या गार्बेज कलेक्टरमध्ये. हा बग तिथे कित्येक वर्षं कोणाच्याही नजरेस न पडता बसून होता. इतक्या आवृत्त्या, इतक्या टेस्ट त्याच्यावरून गेल्या. पण तेवढा ताण आधी कोणी दिलाच नव्हता. त्यांनी तो दुरुस्त केला आणि फायदा सगळ्यांनाच झाला.

मोडायचं की नाही मोडायचं?

आता सगळ्यात अवघड भाग. बग काढणं ही मेहनत आहे, पण त्यात वाद नाही. खरा वाद होतो तो असा: भाषेत एक जुनी चूक आहे. ती सुधारली तर भाषा स्वच्छ होते, पण लोकांचे चालते प्रोग्राम मोडतात. काय करायचं?

उदाहरण देते. हॅस्केलमध्ये 'मोनॅड' आणि 'ॲप्लिकेटिव्ह' अशा दोन संकल्पना आहेत. मोनॅड म्हणजे काय हे इथे सांगत बसत नाही, त्याला वेगळा लेख लागेल आणि वाचणारेही कमी मिळतील. इतकंच ध्यानात घ्या की गणिताच्या दृष्टीने प्रत्येक मोनॅड हा ॲप्लिकेटिव्ह असतोच. ॲप्लिकेटिव्ह हा बाप, मोनॅड मुलगा. पण भाषेत मोनॅड १९९६ पासूनच आलेला आणि ॲप्लिकेटिव्हचं महत्त्व कळलं पुष्कळ नंतर. म्हणजे मुलगा आधी जन्मला, बाप मागाहून! वर्षानुवर्षं भाषेच्या दप्तरी या दोघांचं नातंच नोंदलेलं नव्हतं.

हे नातं नोंदवायचं ठरलं तेव्हा अडचण उघड होती. ज्यांनी ज्यांनी स्वतःचा मोनॅड लिहिला होता, पण ॲप्लिकेटिव्ह लिहिला नव्हता, त्या सगळ्यांचा कोड मोडणार. म्हणून दोन पायऱ्या केल्या. एप्रिल २०१४ च्या ७.८ आवृत्तीत फक्त वॉर्निंग: "बाबांनो, हे पुढे चालणार नाही." आणि मार्च २०१५ च्या ७.१० मध्ये प्रत्यक्ष बदल. दुरुस्ती प्रत्येक ठिकाणी मोजक्या ओळींची होती, पण ठिकाणं ढीगभर. ज्याने वॉर्निंग वाचली तो सुटला. (वॉर्निंगकडे आपण काय नजरेने बघतो ते वेगळं सांगायला नको.)

दुसऱ्या एका बदलाची गोष्ट इतकी सरळ गेली नाही. फेब्रुवारी २०२१ च्या ९.० मध्ये टाइप तपासण्याचा एक नियम सोपा केला. पूर्वी काही ठिकाणी एक फंक्शन दुसऱ्याला देताना टाइप नेमके जुळत नसले तर कंपायलर गुपचूप मध्ये एक छोटं वेष्टन घालून जुळवून घ्यायचा. पण आळशी भाषेत अशा वेष्टनाने कधीकधी प्रोग्रामचा अर्थच किंचित बदलू शकतो. म्हणून ठरलं की कंपायलरने लुडबुड करायची नाही, वेष्टन प्रोग्रामरने स्वतः लिहावं. तत्त्वाला धरून अगदी बरोबर! पण लोकांचा चालता कोड अडला, आणि "आमच्या कोडमध्ये चूक नव्हती, मग आम्ही का बदलायचं?" असा सूर उमटला. शेवटी जुलै २०२२ मध्ये ९.२.४ या दुरुस्ती-आवृत्तीत जुनं वागणं हवं असेल तर चालू करता येईल असा पर्याय दिला, आणि जे जुन्या १९९८ किंवा २०१० च्या प्रमाण हॅस्केलमध्ये लिहितात त्यांच्यासाठी तो आपोआप चालू ठेवला.

मला ही दुसरी गोष्ट जास्त शिकवून गेली. नियम बरोबर असणं पुरेसं नसतं. त्या नियमावर कोणाचं घर उभं आहे हेही बघावं लागतं. हॅस्केलवाल्यांचं एक गमतीशीर ब्रीद आहे, 'काहीही करून यश टाळा'. म्हणजे इतकं लोकप्रिय होऊ नका की काहीच बदलता येणार नाही. पण वापरणारे वाढले की ते ब्रीद पाळणं कठीण होत जातं. बंगलोरच्या 'जसपे'सारख्या पेमेंट क्षेत्रातल्या कंपनीत हॅस्केल वापरतात. तिथे "तुमचा कोड पुढच्या आवृत्तीत चालणार नाही" हे वाक्य गमतीचं राहत नाही.

शेवटचा हात

समजा सगळं जमलं. तरी काम उरतंच. लिनक्स, विंडोज, मॅक; इंटेलचा प्रोसेसर, एआरएमचा प्रोसेसर; प्रत्येकासाठी वेगळं बांधायचं, तपासायचं. प्रत्येक फाइलचा चेकसम काढायचा, म्हणजे डाउनलोड करणाऱ्याला मधे कोणी फाइल बदलली नाही ना हे पडताळता येईल. कंपायलरबरोबर येणाऱ्या लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या जुळवायच्या. काय नवं, काय मोडलं, मोडलेलं कसं दुरुस्त करायचं हे नीट लिहायचं.

शिवाय वापरणाऱ्यांचंही काम असतं. जीएचसीच्या एका आवृत्तीने कंपाइल केलेली लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीला चालत नाही, सगळं पुन्हा बांधावं लागतं. कारण वेग वाढवण्यासाठी कंपायलर एका मोड्यूलमधली छोटी फंक्शन्स उचलून थेट दुसऱ्या मोड्यूलच्या कोडमध्ये बसवतो, आणि त्यासाठीची आतली माहिती प्रत्येक मोड्यूलच्या 'इंटरफेस फाइल'मध्ये साठवतो. त्या माहितीची मांडणी आवृत्तीगणिक बदलते. वेग हवा, तर ही किंमत मोजावी लागते.

यातलं कुठलंच काम चकचकीत नाही. यावर पेपर निघत नाही, परिषदेत टाळ्या पडत नाहीत. वेल-टाइप्ड नावाच्या कंपनीतले काही इंजिनिअर आणि बरेच स्वयंसेवक हे काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. नवी आवृत्ती जाहीर होते, आणि थोड्याच अवधीत पहिला बग नोंदला जातो. तिसरा आकडा वाढवायची तयारी सुरू!

आणि आपण?

हे सगळं इतकं लांबण लावून का सांगितलं? कारण आपल्याकडे जे होतं ते याच्या बरोबर उलट आहे.

आपला बीई प्रोजेक्ट आठवा. वर्षभर काम, शेवटच्या महिन्यात जागरणं, काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं, एक्स्टर्नलसमोर डेमो. डेमो चालला, संपलं. पुढच्या वर्षीची बॅच तोच विषय पुन्हा शून्यापासून घेते. आपल्या प्रोजेक्टची आवृत्ती १.१ कधीच निघत नाही. कारण तो वापरणारं कोणी नसतं, आणि वापरणारं कोणी नसलं की कोणाला शब्दही द्यावा लागत नाही.

माझ्या मते प्रोग्राम आणि सॉफ्टवेअर यातला फरक इथेच आहे. प्रोग्राम चालला की पुरे. सॉफ्टवेअरची आवृत्ती काढणं म्हणजे शब्द देणं: काल तुमचं जे चालत होतं ते आज चालेल, आणि चालणार नसेल तर आधी सांगू, का ते सांगू, आणि वाट दाखवू. विरजण पुढच्या घरी द्यायचं असेल तर ते चांगलं असण्याची जबाबदारी देणाऱ्याची.

ही कामं फक्त ग्लासगो-केंब्रिजला होतात असंही नाही. आपल्या आयआयटी मुंबईत जीसीसी या कंपायलरच्या आतल्या रचनेवर काम करणारं एक केंद्र उभं राहिलं आणि त्यांनी त्यावर कार्यशाळाही घेतल्या. हॅस्केल शिकायची असेल तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्राध्यापकांचा एनपीटीईएलवरचा कोर्स आहे, तोही फुकट. आणि सुरुवात मोठ्या गोष्टीनेच केली पाहिजे असं कुठे आहे? एखादा न समजणारा एररचा मजकूर सुधारा, एक टेस्ट लिहा, एखाद्या लायब्ररीच्या माहितीतली चूक दाखवा. तुमचं नाव सहा चौकोनांच्या आकृतीत येणार नाही, पण कोणाच्या तरी रात्री दोनच्या अडचणीत ते काम उपयोगी पडेल.

नाहीतर निदान एवढं तरी करा. यंदाचा प्रोजेक्ट ज्युनिअर्सच्या हातात देताना सीडी-पेनड्राइव्ह टेकवून मोकळे होऊ नका. तो त्यांच्या मशीनवर बांधून दाखवा, काय मोडतं ते लिहून द्या आणि वर आकडा टाका: १.०. पुढच्या वर्षी त्यांनी १.१ काढली, तर तुमच्या प्रोजेक्टला खऱ्या अर्थाने मार्क मिळाले असं समजा!